जानेवारीच्या 21 किलोमीटरची तयारी, ऑक्टोबरपासून

पाच किलोमीटर न थांबता पळता येत असतील, तर जानेवारीतल्या अर्धमॅरेथॉनची तयारी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी. चाळिशी ओलांडली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, कधी छातीत दुखलं असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. हे काम सगळ्यात पहिलं.

मग बूट. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करा आणि पळतानाचेच मोजे घालून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, नाहीतर नख काळं पडतं. साधारण 600 ते 800 किलोमीटरनंतर तळाचा फोम दबतो, वरून बूट नवा दिसला तरी. घेतल्याची तारीख कुठंतरी लिहून ठेवा.

पळायचे दिवस चार पुरेत: मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि रविवारची लांब धाव. ही धाव 8 किलोमीटरपासून सुरू करून आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवा. दर चौथ्या आठवड्यात मात्र ती पाव ते एक-तृतीयांश कमी करा. अशाने डिसेंबरअखेर 18 किलोमीटर होतात. त्याहून जास्तीची गरज नाही. नोव्हेंबरपासून गुरुवारी मधली 15 ते 20 मिनिटं जरा जोरात, बाकी सगळं पळणं सावकाश. सावकाश म्हणजे पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रोज मध्यम जोरात पळणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागात पडणारी सवय: दमसास वाढल्यासारखा वाटतो, पण हाडं आणि स्नायूबंध त्या वेगानं तयार होत नाहीत आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात नडगी दुखायला लागते.

सोलापुरात ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तेव्हा रविवारी साडेपाचला निघून साडेसातच्या आत घरी या. होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड, कुठंही शहराबाहेर निघालात की हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं पळा; अंगात चमकपट्टीचं जाकीट हवंच. रस्त्याची कड उतरती असते, त्यामुळं सतत त्याच बाजूनं पळालं की एका गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ताण येतो. म्हणून आठवड्यातल्या छोट्या धावा मैदानात करा आणि एक दिवसाआड फेऱ्यांची दिशा बदला.

ताकदीचा व्यायाम मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, अर्धा तास. शनिवारी नाही, दुसऱ्या दिवशी लांब धाव असते. याला जिम लागत नाही, जिन्याची पायरी आणि भरलेली सॅक पुरते. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा: गुडघा सरळ ठेवून 12 चे तीन सेट आणि गुडघा किंचित वाकवून तेवढेच. दुसरा प्रकार लोक गाळतात, पण पोटरीचा आतला स्नायू त्यानंच तयार होतो, आणि पळताना सर्वांत जास्त भार तोच झेलतो. वर येताना एक, खाली जाताना तीन मोजा. सोपं झालं की एका पायावर, मग सॅक घेऊन. याशिवाय स्क्वॉट, पायरीवर चढ-उतार, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि कुशीचा प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन एका कोपरावर अंग ताठ तोलून धरणं. वजन वाढवायला घाबरू नका. हलक्या वजनाचे पन्नास-पन्नास फेरे मारून फक्त थकवा येतो.

धावेआधी केळं किंवा दोन-तीन खजूर. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आदल्या दुपारी खा, रात्री साधा वरणभात. तेल आणि चोथा पोटात असला की दहाव्या किलोमीटरला पोट ढवळतं. पाणी किती लागतं, ते धावेआधी आणि नंतर वजन करून कळतं: एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. तासापेक्षा जास्त पळणार असाल तर ओआरएस घ्या. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते धोक्याचं आहे. परतल्यावर तासाभरात दूध, अंडी, मटकीची उसळ किंवा डाळ यांतलं काहीतरी पोटात जाऊ द्या. एकादशीच्या उपासाला लांब धाव नको, ती पुढं ढकला.

झोप सात-आठ तास. ती दोन रात्री मोडली तर गुरुवारची जोराची धाव सोडून द्या. दुखणं ओळखायला शिका: दोन्ही मांड्या जड वाटणं दोन दिवसांत जातं. नडगीवर बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक चीर गेली असेल तर सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका.

शेवटचे दोन आठवडे अंतर कमी, वेग तोच; ताकदीचा व्यायाम शेवटच्या आठवड्यात बंद. नेमकी तेव्हाच सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या मिरवणुकीबरोबर शहरातल्या 68 लिंगांना अनवाणी चालणार असाल, तर ते चालणं आठवड्याच्या भारात धरा आणि त्या दिवशीची, दुसऱ्या दिवशीची धाव काढून टाका. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, रात्री उशिरापर्यंत फिरणं शर्यतीनंतरच्या दिवसांसाठी ठेवा. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी शर्यतीच्या आदल्या दिवशी येत असेल तर दोन घास चाखा, बाकी भात.