सेकंडहँड पियानो घेताय? पुढे विकायचाही आहे हे धरून या चुका टाळा

मुलीच्या ट्रिनिटीच्या (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांच्या) ग्रेड संपतात, ती शिकायला बाहेर जाते आणि हॉलमधल्या पियानोचं करायचं काय, हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच घरांत पडतो. त्याचं निम्मं उत्तर पियानो घेतला त्या दिवशीच ठरलेलं असतं. आपल्याकडे वापरलेल्या अपराइट, म्हणजे भिंतीला लावून ठेवायच्या उभ्या पियानोला गिऱ्हाईक मोजकं: परीक्षा देणाऱ्या मुलांचे पालक, शिकवणारे, एखादी शाळा किंवा चर्च. जाणतं गिऱ्हाईक ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्या कारागिराला सोबत घेऊन येतं आणि तो काय म्हणेल त्यावर भाव पडतो. म्हणून घेतानाच त्या पुढच्या ट्यूनरच्या नजरेने पियानो बघायचा.

जुना म्हणजे मौल्यवान, असं समजणं

व्हायोलिन जुनं झालं की त्याचा भाव चढू शकतो. अपराइट पियानोचा सहसा उतरतोच. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा, त्यांचा मिळून पंधरा-वीस टन ताण, शिवाय लाकडाचे आणि फेल्टचे हजारो बारीक भाग. हे यंत्र आहे आणि ते झिजतं. त्यामुळे हा भाव किती सावकाश उतरेल, एवढंच आपल्या हातात असतं.

वांद्र्याच्या, दादर पारशी कॉलनीतल्या किंवा मडगावच्या जुन्या घरांत ब्रॉडवुड, चॅपल, कोलार्ड अँड कोलार्ड अशा इंग्रजी नावांचे पियानो अजून दिसतात. कोरीव पाय, पुढे मेणबत्त्यांसाठी पितळी हात. दिसायला झकास, आणि एखादा मनात भरला तर जरूर घ्या, पण परत पैसे मिळतील या आशेने घेऊ नका. यांतल्या बऱ्याच पियानोंत डॅम्पर (स्वर थांबवणाऱ्या गाद्या) हॅमरच्या, म्हणजे तारेवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या वरच्या बाजूला असतात आणि डॅम्परना जोडलेल्या बारीक तारांची जाळी हॅमरच्या पुढे पिंजऱ्यासारखी उभी असते. ट्यूनरला आत हात घालायला जागा नाही, आवाज नीट थांबत नाही. झाकण उघडून बघा: अशी जाळी दिसली, किंवा सगळ्या तारा सरळ उभ्या असून खर्जाच्या तारा बाकीच्यांवरून तिरप्या गेलेल्या नसल्या, तर विकताना तो सजावटीच्या भावाने जाईल.

पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर प्रकरण आणखी अवघड. पांढऱ्या पट्टीच्या रुंद आणि अरुंद भागांमध्ये केसासारखी सांध्याची रेघ आणि अंगात बारीक नक्षी दिसली, तर तो हस्तिदंत असण्याची शक्यता मोठी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात १९९१मध्ये झालेल्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. विक्रेता "अस्सल आयव्हरी" म्हणून मिरवत असेल, तर तीच गोष्ट उद्या तुम्हाला विकताना आडवी येईल.

नाव वाचून भुलणं

जर्मन वाटणारं नाव म्हणजे जर्मनीत बनलेला पियानो, असं नाही. जुनी नावं विकली जातात. रिटम्युलर हे जुनं जर्मन नाव आज चीनच्या पर्ल रिव्हर कंपनीचं आहे. पियानो वाईट असेलच असं नाही; पण जर्मनीचा भाव देऊन घेतलात तर विकताना तो मिळणार नाही.

आपल्या बाजारात चटकन विकली जातात ती जपानहून आलेली यामाहा आणि कवाई. यामाहाचा यू-वन (उंची १२१ सेंटिमीटर) आणि यू-थ्री (१३१ सेंटिमीटर) ट्यूनर, शिक्षक सगळ्यांच्या ओळखीचे; काळं पॉलिश असेल तर दुधात साखर. १२० सेंटिमीटरपेक्षा फार बुटका पियानो घेऊ नका. खर्जाच्या तारा आखूड पडतात, आवाज पोकळ येतो आणि त्या किमतीत गिऱ्हाईक सरळ डिजिटल पियानोकडे वळतं. कवाईने १९७०च्या दशकापासून आतल्या यंत्रणेत एबीएस प्लास्टिकचे भाग वापरले. प्लास्टिक म्हणून नाक मुरडू नका, आपल्या पावसाळ्यात ते लाकडासारखं फुगत नाही.

यामाहा असला तरी वय विचाराच. वरचं झाकण उघडलं की लोखंडी चौकटीवर अनुक्रमांक दिसतो. दहा लाखांच्या आसपासचा म्हणजे साधारण १९७०चा, तीस लाखांच्या आसपासचा म्हणजे १९८०चा. विक्रेत्याच्या "वीसेक वर्षं जुना असेल"पेक्षा हा आकडा खरा. आज १९७२चा घेऊन दहा वर्षांनी विकणार असाल, तर साठी ओलांडलेला पियानो विकायला काढणार आहात.

एकाच भेटीत, आणि तेही मे महिन्यात पारखणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

विक्रेता तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी ट्यूनिंग करून ठेवतो. त्यात गैर काही नाही, पण तारा ताणून धरणाऱ्या ट्यूनिंगच्या खिळ्या ज्यात ठोकलेल्या असतात त्या पिनब्लॉकच्या लाकडात सैल झाल्या असतील तर ते त्या दिवशी कळत नाही. मधल्या आणि वरच्या सप्तकांत प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. खिळी सरकली की त्या तिघी एकमेकींपासून सुटतात आणि स्वर लाटा मारल्यासारखा थरथरतो. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा आणि एकेक पट्टी सावकाश वाजवा. इकडे-तिकडे दोन-चार पट्ट्या थरथरल्या तर ठीक. सलग पट्टाच बेसूर असेल तर नमस्कार करून निघा. पिनब्लॉकचं काम निघालं की खर्च पियानोच्या किमतीवर जातो.

मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने मधला 'ए' ४४० हर्ट्झवर आहे का तेही बघा. पांढरी एक दाबल्यावर पांढरी सात ऐकू येत असेल, म्हणजे सगळा पियानो अर्धा स्वर उतरलेला असेल, तर वर्षानुवर्षं कुणी ट्यूनिंग केलेलं नाही. तो वर चढवताना गंजलेल्या तारा तुटू शकतात.

आता हवामान. परदेशी वेबसाइटवर वाचून लोक विचारतात, जपानसाठी बनलेला पियानो बाहेर टिकतो का? ती काळजी मुख्यतः अमेरिकेतल्या कोरड्या, हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरांची. जपानचा उन्हाळा दमटच असतो, त्यामुळे कोकणपट्टीत हा प्रश्न फारसा येत नाही. इथला त्रास गंज, फुगलेलं फेल्ट, कसर आणि वाळवीचा. मेमध्ये लोण्यासारखा चालणारा पियानो जुलैत अडकू लागतो, तेव्हा जमलं तर पावसाळ्यातच बघा. नागपूरकडचं वेगळं: तिथे उन्हाळा कोरडा आणि वर कूलर. आज सुकलेलं लाकूड उद्या ओलं, यात साउंडबोर्डला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या मागच्या लाकडी फळीला चिरा पडतात. दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीतून आलेला पियानोही याच नजरेने बघा.

खालचं पॅनल काढून टॉर्च मारा. मातीच्या बारीक रेघा किंवा लाकडाचा भुसा दिसला तर भाव विचारूही नका. खर्जाच्या तारांवरचं तांबं हिरवं-काळं पडून आवाज डबा वाजवल्यासारखा येत असेल, तर त्या तारा मापाने करून घ्याव्या लागतात. त्या जिच्यावरून जातात त्या लाकडी घोडीला चीर आहे का, तेही टॉर्चनेच दिसतं.

प्रत्येक दोषाला घाबरणं

याच्या उलट, काही दोष तुमच्या फायद्याचे. दोन-तीन पट्ट्या अडकतात, पेडल कुरकुरतं, एखाद्या पट्टीचं प्लास्टिक उडालंय, पट्ट्यांखालचं फेल्ट कसरीने खाल्लंय: हे ट्यूनरच्या हातचं काम आहे. भाव पाडा आणि घ्या. हॅमरवर तारांचे उथळ चरे असतील तर घासून नीट होतात; खोल खाचा पडून फेल्ट पातळ झालं असेल तर नवे हॅमर लागतील. चकचकीत नवं पॉलिश आणि आत जुनेच खाचा पडलेले हॅमर, या जोडीपासून मात्र सावध राहा. आणि बघायला नेलेला ट्यूनर तुमचा असावा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

कागद आणि जिना विसरणं

खरेदीचं बिल आणि दर ट्यूनिंगची पावती एका पाकिटात ठेवा. काही ट्यूनर आत पेन्सिलीने तारखा लिहून ठेवतात. घेताना त्या शोधा, आणि तुमच्या ट्यूनरलाही लिहायला सांगा. यू-वनचं वजन सव्वादोनशे किलोच्या घरात आणि रुंदी सुमारे दीड मीटर. जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर लाकडी जिन्याने चढवलेला पियानो उतरवायचा खर्च पुढचं गिऱ्हाईक तुमच्याच किमतीतून कापतं, तेव्हा लिफ्टची खोली आणि जिन्याचं वळण आधी मोजा. विकायचं ठरलं की ट्यूनिंग गिऱ्हाईक येण्याच्या दोन आठवडे आधी करून घ्या आणि ते आल्यावर पियानोची पॅनलं स्वतःच काढून द्या.