फोन हातात देण्यापूर्वी सेटिंग कशा पोहोचवाव्यात

कारखान्यातून निघालेल्या फोनमध्ये पुढे कोणते सिम पडणार आहे आणि तो कोणत्या कार्यालयात वापरला जाणार आहे, हे निर्मात्याला ठाऊक नसते. त्यामुळे सेटिंगचा मोठा भाग नंतरच पोहोचवावा लागतो.

मोबाइल इंटरनेटचे काम बहुधा आपोआप होते. सिम टाकताच फोन त्यावरील आयएमएसआय क्रमांकाचे, म्हणजे सिमच्या ओळख क्रमांकाचे, सुरुवातीचे आकडे वाचतो. भारतीय सिमवर ते सहसा ४०४ किंवा ४०५ असतात. त्यापुढील आकड्यांवरून सेवा देणारी कंपनी ओळखून फोन आपल्याजवळच्या यादीतील एपीएन, म्हणजे इंटरनेटला जोडणाऱ्या त्या कंपनीच्या प्रवेशद्वाराचे नाव, निवडतो. तरीही इंटरनेट सुरू झाले नाही, तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएन मूळ स्थितीत आणावा, आणि तेवढ्यानेही भागले नाही तरच तो हाताने भरावा. एसएमएसने आलेली सेटिंग मात्र आपण मागवलेली नसेल, तर मुळीच स्वीकारू नये. असे बनावट संदेश स्वीकारणाऱ्याची इंटरनेट वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरकडे वळवता येते, हे सुरक्षा संशोधकांनी २०१९ मध्ये काही अँड्रॉइड फोनांवर दाखवून दिले होते.

संस्थेसाठी वीस-पंचवीस अँड्रॉइड फोन एकदम तयार करायचे असतील, तर क्यूआर कोडची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. संस्थेचे सगळे फोन दुरून हाताळणाऱ्या व्यवस्थापन सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या नियंत्रण-पानावर, हा कोड तयार होतो. व्यवस्थापन ॲप कोणते, ते कोठून घ्यायचे आणि कोणत्या वाय-फायला जोडायचे, हे त्यात लिहिलेले असते. नवा किंवा फॅक्टरी रीसेट केलेला फोन सुरू करावा आणि स्वागताच्या पहिल्याच पडद्यावर, भाषा निवडण्याच्याही आधी, एकाच जागी सहा वेळा बोट टेकवावे. कॅमेरा उघडला की कोड दाखवावा. पुढचे काम फोन स्वतः करतो. अँड्रॉइड ९ पासून कोड वाचण्याची सोय फोनमध्येच असते. ७ आणि ८ मध्ये ती आधी उतरवून घ्यावी लागते, म्हणून तेथे वाय-फाय हाताने जोडावे. बराच काळ पेटीत पडून राहिलेल्या फोनचे घड्याळ चुकलेले असेल, तर सुरक्षित जोडणी नाकारली जाऊन काम मध्येच अडते. अशा वेळी प्रथम तारीख पाहावी.

ही संधी पहिल्या पडद्यापुरतीच असते. मी एकदा फोन आधी वाटले आणि सेटिंग नंतर करायचे ठरवले. तोवर प्रत्येकाने आपले गूगल खाते जोडले होते, आणि फोनवर पूर्ण नियंत्रण मिळवण्यासाठी सगळे परत मागवून पुसावे लागले. लोकांची छायाचित्रे त्यात गेली, याचे मला आजही वाईट वाटते. दुसरी काळजी अशी, की कोडमधील वाय-फायचा पासवर्ड कोणालाही वाचता येतो. त्यासाठी तात्पुरते वेगळे नेटवर्क ठेवावे आणि काम झाल्यावर कोडची छापील प्रत फाडून टाकावी.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून होणार असेल, तर झिरो-टच नोंदणी, म्हणजे अँड्रॉइड फोनला हात न लावता सेटिंग पोहोचवण्याची सोय, मागून घ्यावी. विक्रेता आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक नोंदवतो, फोन पहिल्यांदा इंटरनेटला जोडला जाताच सेटिंग उतरतात आणि रीसेट केल्यावरही परत येतात. आयफोनसाठी ॲपल बिझनेस मॅनेजर ही ॲपलची अशीच नोंदणी सेवा आहे. इतरत्र घेतलेला आयफोन ॲपलच्या कॉन्फिगरेटर ॲपने त्यात जोडता येतो, परंतु वापरणाऱ्याला ३० दिवस त्यातून बाहेर पडण्याची मुभा असते.

फोन वाटून झाल्यावर करायचे बदल प्रथम एकाच फोनवर पाठवून पाहावेत. वाय-फायचा पासवर्ड बदलताना तर फारच जपावे, कारण चुकीची सेटिंग पोहोचून जोडणी तुटली, की दुरुस्ती पाठवायला वाटच उरत नाही. म्हणून नवे नेटवर्क जुन्याच्या जोडीला सुरू करावे, पॅनेलवर प्रत्येक फोन नव्या नेटवर्कवर आलेला दिसेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच जुने बंद करावे.