जोडीदाराला एडीएचडी आहे? मी केलेल्या या चुका टाळा

लग्नाआधी ही माझ्याबरोबर इंदूरच्या सराफ्यात, तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, एकपर्यंत उभी असायची. गराडू (तळलेला कंद) खाताना मी काय बोललो ते महिन्याभरानंतर शब्दशः सांगायची. लग्नाला वर्ष होत नाही तो गॅसवरचं दूध रोज उतू जायला लागलं आणि माझं निम्मं बोलणं हवेत. ‘आता मी हातचा झालो, म्हणून लक्ष नाही,’ असं मी मनाशी धरून बसलो. सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

एडीएचडी म्हणजे लक्ष आणि आवेग आवरण्यात अडचण आणणारी मेंदूची ठेवण. त्यात लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं जमत नाही. नव्या, रंगतदार गोष्टीला मेंदू चिकटतो, रोजच्या रटाळ कामावरून घसरतो. प्रेमात पडणं नवं असतं, विजेचं बिल नसतं. तेव्हा ‘प्रेम असतं तर लक्षात राहिलं असतं’ हे वाक्य घरात बंद करा.

दुसरी चूक म्हणजे तिचा बाप होणं. गॅस बंद केलास? किल्ली घेतलीस? मुलाची फी भरलीस? दिवसभर माझी हजेरी चालायची. ती आधी चिडायची, मग गप्प व्हायची, आणि शेवटी नुसतं ‘हो’ म्हणून मोकळी व्हायला लागली. फी भरलेलीच नव्हती, वर दंड बसला. भांडण मात्र दंडावरून नाही, त्या खोट्या ‘हो’वरून झालं. ते खोटं मीच तिला शिकवलं होतं, हे कळायला मला फार वेळ लागला. काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक असतं, अडतं ते ऐनवेळी हात हलण्यात. आणि मी पुरवत होतो सूचना!

आता आठवण करून देण्याचं काम माणसाकडे नाही, वस्तूंकडे. किल्लीसाठी दाराशेजारी खिळा, बिलं खात्यातून आपोआप जातात, दूध ठेवलं की टायमर. कामंही निम्मी-निम्मी वाटली नाहीत. कागदपत्रं माझी. अचानक दहा पाहुणे आले तर सगळी सूत्रं तिची, तिथे मी नुसता कांदा चिरतो.

वेळेचंही तसंच. ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला आम्ही कायम तिसऱ्या घंटेनंतर, लोकांचे पाय तुडवत शिरायचो. मग मी सातचं नाटक सहाचं सांगायला लागलो. दोनदा खपलं, तिसऱ्यांदा तिने तिकीट पाहिलं. त्यापेक्षा उलटं मोजा: सातला नाटक, साडेसहाला गाडी, पावणेसहाला साडी. गजर साडीचा लावा, नाटकाचा नको.

‘माहेरी वळण लावलं नाही’ हे माझ्या आईचं निदान. पण हे वळणाने होत नाही. बहुतांशी आनुवंशिक आहे. (सासरेबुवा दर पावसाळ्यात तीन छत्र्या हरवतात.) लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. मुलींमध्ये चुळबुळीपेक्षा हरवलेपण जास्त दिसतं, म्हणून ते सुटून जातं. हिच्या जुन्या प्रगतिपुस्तकात शेरा आहे: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ तरी रील पाहून ठरवू नका. अपुरी झोप, थायरॉईड, नैराश्य यांतही असंच दिसू शकतं, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

औषध सुरू झालं की नवी चूक तयारच असते. भर भांडणात मी एकदा म्हणालो, ‘आज गोळी घेतली नाहीस वाटतं.’ दोन दिवस अबोला. तिचा रास्त रागही मी आजाराच्या खात्यात टाकला होता. गोळीने लक्ष टिकायला मदत होते. साचलेली कटुता गोळीने जात नाही.

आणि हो, समजून घेणं म्हणजे सगळं सोसणं नव्हे. अंगावर ओरडणं, अपमान, हात उगारणं याला एडीएचडीची सबब चालत नाही. तुम्हीच थकला असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर तुमच्यासाठीही आहे, चोवीस तास.

परवा पुन्हा दूध उतू गेलं. तापवत मी होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, ‘टायमर लावला होतास?’