जर्मन घरातलं न्हाणीघर आणि काचेवरचं पाणी

जर्मनीत स्वयंसेवक म्हणून यजमान कुटुंबाकडे राहायला गेलं की पहिली गडबड न्हाणीघरात होते. टबाबाहेरच्या फरशीला बहुतेक घरांत पाणी जायची जाळीच नसते. बादली-तांब्याने अंघोळ केली की पाणी दाराखालून लाकडी जमिनीत मुरतं आणि लाकूड फुगतं. टबातच उभं राहायचं, पडद्याची खालची कड टबाच्या आत सोडायची आणि शेवटी रबरी पट्टीने टाइल्स निपटायच्या. हे यजमान सांगत नाहीत, गृहीत धरतात.

खरा छळ थंडीतल्या खिडकीचा. कपडे खोलीत वाळवले, खिडकी बंद ठेवली, की वाफ गार काचेवर जमते; मग कोपऱ्यात काळी बुरशी. खिडकी दिवसभर तिरकी, म्हणजे वरून थोडीशीच उघडी, ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी वाढतेच. त्यापेक्षा हीटरचा नॉब बंद करून खिडकी 5 ते 10 मिनिटं सताड उघडायची, दिवसातून दोन-तीनदा. मग बंद करून नॉब 3 वर, म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

फोडणीआधी चिमणी चालू करा, स्वयंपाकघराचं दार लावा. धुराच्या अलार्मला मोहरीची फोडणी कळत नाही, तो वाजतोच.

पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करावी लागते. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो, तो पहिल्याच दिवशी मागा. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-पाव शनिवारीच.