‘विंड्स ऑफ विंटर’ची वाट कशी पाहावी

सगळ्यात आधी, पुढची तारीख स्वतःच काढायची सवय सोडा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेची (टीव्हीवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ तिच्यावरूनच आली) तोवर आलेली पाचही पुस्तकं मी 2012 मध्ये एका दमात वाचली आणि वहीच्या मागच्या पानावर चक्क गणित मांडलं. पुस्तकं आली ती सालं: 1996, 1998, 2000, 2005, 2011. मधली अंतरं दोन, दोन, पाच, सहा वर्षांची. म्हणजे सहावं पुस्तक, ‘विंड्स ऑफ विंटर’, फार तर सात वर्षांनी, 2018 ला. हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे त्या आकड्यावर माझा भलताच विश्वास. 2018 ला पुस्तक आलंही, पण ते कथेतल्या तारगॅरियन राजघराण्याचा इतिहास सांगणारं ‘फायर अँड ब्लड’. त्यातही पहिलाच भाग! एका अर्धवट गोष्टीची वाट पाहणाऱ्यांच्या हाती दुसरी अर्धवट गोष्ट पडली.

गणित का चुकलं ते कळलं की निम्मा राग उतरतो. मुळात ही तीन पुस्तकांची गोष्ट होती. ती वाढत सातांवर गेली. तिसऱ्या पुस्तकानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायची, मुलं मोठी झालेली दाखवायची, असा मार्टिन यांचा बेत होता. तो जमेना, म्हणून त्यांनी तो सोडून दिला आणि मधल्या काळाची गोष्ट लिहायला घेतली. ती इतकी फुगली की चौथ्या आणि पाचव्या पुस्तकात पात्रं वाटून टाकावी लागली. लेखक दोन जातीचे, असं ते म्हणतात: आधी नकाशा काढणारे वास्तुविशारद आणि बी पेरून काय उगवतं ते बघणारे माळी. ते स्वतःला माळी म्हणवतात. माळ्याला ‘फांदी कुठल्या तारखेला फुटणार’ विचारून काय मिळणार?

आता बातम्यांचं. माझा नियम सोपा आहे: लेखक किंवा प्रकाशक स्वतः बोलले तरच वाचायचं, बाकी सगळं सोडून द्यायचं. पुस्तकं विकणारे लोक यादीत एखादी तात्पुरती तारीख टाकून ठेवतात, बहुतेकदा वर्षाचा शेवटचा दिवस. अशाच एका तारखेवर भुलून मी एकदा आगाऊ पैसे भरले होते. पैसे परत आले, पण तोवर मी चार जणांना बातमी सांगून बसले होते. लेखकाचं हस्तलिखितच पुरं नाही तर दुकानदाराकडे तारीख कुठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

लेखकाचं बोलणंसुद्धा जपून वाचा. 2 जानेवारी 2016 ला मार्टिन यांनी स्वतःच लिहिलं की ऑक्टोबरअखेरची मुदत हुकली, मग वर्षअखेरचीही हुकली, आणि पुस्तक पुरं झालेलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलेली मुदत ही त्यांची आशा असते, शब्द नव्हे. पानांच्या आकड्यांचंही तसंच. 2022 मध्ये 1100 ते 1200 पानं झाल्याचं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षीही आकडा 1100 च्या आसपासच. माझ्यासारखीला हे पचत नाही, कारण आमच्याकडे शिल्लक अशी जागच्या जागी राहिली की चौकशी लागते. पण ते लिहिलेलं पुन्हा लिहितात, काढून टाकतात. शिवाय ही हस्तलिखिताची पानं आहेत, छापील नव्हेत. पाचव्या पुस्तकाचं हस्तलिखित 1500 पानांच्या वर गेलं होतं. हा एक आकडा जवळ ठेवा, बाकीचे विसरा.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. ‘पुस्तक कधीही येईल, आपण तयार असलं पाहिजे’ म्हणून दर वर्षी पाचही पुस्तकं पुन्हा वाचू नका. मी तीन वर्षं हे केलं. चौथ्या वर्षी पहिलं पुस्तक उघडलं आणि भिंतीपलीकडचे ते तीन पहारेकरी बोलायला लागायच्या आत मला जांभई आली. इतकं सुंदर प्रकरण मी स्वतःच्या हाताने शिळं करून ठेवलं होतं.

तयार राहायची गरजच नाही. पाचव्या पुस्तकाची पक्की तारीख मार्च 2011 मध्ये जाहीर झाली आणि पुस्तक 12 जुलैला आलं. मध्ये चार महिने मिळाले. पाचही पुस्तकांची प्रकरणं, सुरुवातीचे प्रोलॉग आणि शेवटचे एपिलॉग धरून, अशी: 73, 70, 82, 46, 73. बेरीज 344. रोज तीन वाचली तर 115 दिवस, आणि शेवटच्या दिवशी दोनच. चार महिन्यांत बसतं. म्हणजे तारीख जाहीर होईल त्या संध्याकाळी सुरुवात करायची. तोवर विसरायचं, जितकं विसरता येईल तितकं. नावं विसरा, कोण कुणाचा मेहुणा ते विसरा. विसरलेलं पुन्हा भेटतं तेव्हाच गंमत येते.

अगदीच राहवलं नाही तर तुकड्याने वाचा. (या आणि पुढच्या परिच्छेदात गोष्ट फुटते. पाचही पुस्तकं वाचली नसतील तर उडी मारा.) प्रकरणांना पात्रांची नावं आहेत, त्यामुळे एकच पात्र धरून जाता येतं. मी सर दावोस घेतला. त्याची प्रकरणं फक्त 13: दुसऱ्या पुस्तकात तीन, तिसऱ्यात सहा, पाचव्यात चार. एका आठवड्यात होतात. चौथ्यात त्याचं एकही नाही, तिथे नुसती बातमी येते की त्याचं मुंडकं उडवलं. सगळ्यांसोबत वाचताना ती बातमी गर्दीत जाते. एकट्या दावोसच्या मागे चालत आलं की त्या जागी पायाखालची पायरीच नसते, आणि मग पाचव्यात तो जिवंत सापडतो.

दुसरा तुकडा म्हणजे चौथं आणि पाचवं पुस्तक शेजारी ठेवून वाचणं. दोन खुणा, दोन जाड पुस्तकं, मांडीवर जागा पुरत नाही. पण चौथ्यातलं सॅमवेलचं पहिलं प्रकरण आणि पाचव्यातलं जॉनचं दुसरं लागोपाठ वाचाच. संभाषण तेच, एकदा ऐकणाऱ्याच्या बाजूने, एकदा बोलणाऱ्याच्या. सॅमला जॉन अचानक निष्ठूर झालेला दिसतो. तो का तसा झाला, त्याने बाळांची कशी अदलाबदल केली, हे जॉनच्या प्रकरणात उलगडतं. मी अकरा वर्षांत जॉनबद्दलचं मत तिथे पहिल्यांदा बदललं.

सहाव्या पुस्तकातली काही प्रकरणं मार्टिन यांनी आधीच बाहेर दिली आहेत. थिऑन या पात्राचं तर डिसेंबर 2011 मध्येच. वाचायची की नाही हे एकदाच ठरवा आणि मग त्यावर ठाम राहा. मी थिऑनचं वाचलं आणि पस्तावले, कारण आता पुस्तक येईल तेव्हा एक दार आधीच उघडलेलं असेल. तहान भागवायचीच तर मार्टिन यांच्याच, याच जगातल्या डंक आणि एग या जोडीच्या तीन लघुकादंबऱ्या घ्या. 2015 मध्ये त्या एका पुस्तकात आल्या. काळ मुख्य कथेच्या नव्वदेक वर्षं आधीचा, राजकारण कमी, माणसं गोड. मुख्य म्हणजे प्रत्येक गोष्टीला शेवट आहे! टीव्हीवरची मालिका 2019 मध्ये संपली. तिचा शेवट पुस्तकाचा धरू नका. तीत नसलेली कितीतरी पात्रं पुस्तकात अजून चालती-बोलती आहेत.

लेखकाच्या वयाचा हिशेब मांडू नका. रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले, त्यांची अपुरी राहिलेली ‘व्हील ऑफ टाइम’ ही कादंबरीमालिका त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी 2013 मध्ये पुरी केली, हे उदाहरण कुणीतरी काढतंच. जिवंत माणसाबद्दल असं बोलणं मला ऐकवत नाही.

राहिला धाकट्या भावाचा प्रश्न. दुसऱ्याला ही मालिका वाचायला देताना ती अपुरी आहे हे आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं. पाचवं पुस्तक संपवून तो रात्री साडेअकराला माझ्या दाराशी उभा. ‘ताई, पुढचं दे.’ पुढचं नाही म्हटल्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता 115 दिवसांचं वेळापत्रक पहिल्या पुस्तकाच्या वेष्टनाच्या आत चिकटवलेलं आहे. दिवसांचे आकडे शाईने, तारखांचा रकाना रिकामा. गेल्या वर्षी भावाने गुपचूप त्यात पेन्सिलने एक तारीख घातली होती. मी खोडून टाकली, पण कागदावर ठसा राहिलाय, उजेडात तिरका धरला की दिसतो.