शहरातली इव्हेंट कंपनी मंडईचा प्रोग्राम मागायला आली तर सही करायच्या आधी हे पहा

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा) सुरू होते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत राहते, रात्रभर नाटक राहते, आणि बहुतेक मंडळं वडशाला (देसाईगंज, जि. गडचिरोली) जाऊन नाटक कंपनीच्या ऑफिसात तारीख घेतात, इसार देतात अन् तिकीट स्वतः विकतात. आता शहरातले इव्हेंटवाले येऊन म्हणतात भाऊ तुम्ही फक्त जागा द्या, कलाकार आमचा, साउंड आमचा, तिकीट आमच्या ॲपवर, रेडिओवर जाहिरातही आम्हीच करतो. ऐकायला लय सोपं वाटते, अन् धोका तिथंच आहे.

कलाकार, जागा आणि तिकीट हे तिन्ही एकाच्याच हातात जाऊ देऊ नका. अमेरिकेत हेच झालं. 1996 मध्ये तिथला कायदा सैल झाल्यावर क्लिअर चॅनल कंपनीनं रेडिओ स्टेशनं घेत घेत आकडा 1,200 च्या आसपास नेला, 2000 मध्ये एसएफएक्स ही कॉन्सर्ट भरवणारी कंपनीही घेतली, म्हणजे गाणं वाजवणारा तोच अन् प्रोग्राम भरवणारा तोच, मग त्यांना नाही म्हणणाऱ्या गायकाचं गाणं रेडिओवर लागन का ही शंका लोकांच्या मनात बसली. 2005 मध्ये कॉन्सर्टचा धंदा वेगळा काढून लाइव्ह नेशन ही कंपनी झाली, 2010 मध्ये तिकीट विकणारी तिकीटमास्टर कंपनी तिच्यात मिसळली, आता प्रोग्रामही त्यांचा, कितीतरी थेटरंही त्यांची अन् तिकीटही त्यांचंच. नोव्हेंबर 2022 मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या तिकीटविक्रीत एवढा गोंधळ झाला की तिथल्या संसदेत सुनावणी लागली, आणि मे 2024 मध्ये सरकारनंच या कंपनीवर मक्तेदारीची केस टाकली. एवढ्या मोठ्या देशातले लोक तिकिटावरच्या चार्जेसपुढं हतबल झाले, तर आपलं मंडळ किती पुरणार?

म्हणून तिकीट आपल्याच हातात ठेवा, बाकी काही सोडावं लागलं तरी हे सोडू नका. तिकीटबुक आपण छापायचं, नंबर टाकून, खुर्चीच्या तिकिटाचा रंग वेगळा अन् खाली बसणाऱ्यांच्या तिकिटाचा वेगळा. कोणत्या पोराला कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत बुक दिलं ते वहीत लिहून त्याची सही घ्यायची. गेटवर तिकीट फाडलं की अर्धा तुकडा तारेत ओवायचा, खिशात नाही, आणि नाटक सुरू झाल्यावर तारेतले तुकडे, वहीतले नंबर आणि गल्ला तिन्ही जुळवायचे, तेही कंपनीच्या माणसासमोर. ॲपवर विकायचंच असन तर थोडीच तिकिटं तिकडं द्या, आणि वरचा जो चार्ज लागते तो कोणाला जाते हे लिहून घ्या. 500 रुपयांपर्यंतच्या नाटक-गाण्याच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही (ॲपच्या चार्जला लागते तो वेगळा), तेव्हा दीडशेच्या तिकिटावर कोणी टॅक्स दाखवत असन तर तिथंच थांबवा.

करार स्टॅम्प पेपरवर, मराठीत. इंग्रजी कागदावर सही करू नका, गावात शिकलेली पोरं असली तरी नको. त्यात अवकाळी पाऊस आला, कलाकार आला नाही, लाइट गेली तर पैसे कोण कोणाला परत देणार हे पाहिजे. आणि एक ओळ हमखास शोधा, पुढची दोन-तीन वर्षं दुसऱ्या कोणाचा प्रोग्राम घेता येणार नाही अशी, ती बारीक अक्षरात राहते. ती खोडल्याशिवाय उठू नका, कारण उद्या वडशाच्या कंपनीला तुम्ही बोलावूच शकणार नाही, अन् त्या कंपन्यांवर आपल्याच भागातल्या किती कलाकारांची, वादकांची, मंडपवाल्यांची घरं चालतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

पोलीस आणि लाउडस्पीकरची परवानगी कोणाच्या नावावर आहे तेही पहा. कंपनीवाले ती मंडळाच्या नावावर काढायला लावतात, मग कमाई त्यांची अन् केस आपली. रेडिओच्या जाहिरातीचा खर्च हिशोबात दाखवला तर बिल मागा, कितीदा अन् कोणत्या वेळेला लागली ते.

हिशोब मात्र आठ दिवसांत, समाजमंदिरात, सगळ्यांसमोर वाचायचा, कंपनीचा माणूस हजर पाहिजे अन् शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यायचा.