चौदा डबे, चौदा वेळा: डिजिटल लेगोतल्या या चुका टाळा

रविवारी सोसायटीतली चार-पाच पोरं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. ब्रिकलिंक स्टुडिओ, म्हणजे पडद्यावर लेगोच्या विटा जोडायचं सॉफ्टवेअर, टाकलेलं असतं, दोन व्हिडिओ पाहिलेले असतात, आणि पहिलाच प्रश्न, "काका, ताजमहाल कसा करू?" अरे, आधी साधा बसस्टॉप कर. ऐकतं कोण!

तसा मीही कुठे ऐकणारा होतो? गणपतीच्या मागे लावायच्या चित्रासाठी १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी करायची ठरवली. ३ इंजिनं, १४ डबे. ठाणेकराला दुसरं काय सुचणार? एक डबा झकास जमला, मग कॉपी-पेस्ट तेरा वेळा. रात्री एक वाजता लक्षात आलं की चाकांची पुढची जोडी एका स्टडने, म्हणजे विटेवरच्या एका गोल उंचवट्याने, मागे बसलीय आणि डबा लंगडा दिसतोय. सगळेच लंगडे. सुट्या तुकड्यांचं जंगल झालेलं, चाक निवडायला गेलो की दरवाजा हाती यायचा. दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा अकराव्या डब्यावर होतो. पहिल्या डब्याचं सबमॉडेल, म्हणजे सगळ्या तुकड्यांचा मिळून एक गट, करून त्याच्या प्रती लावल्या असत्या, तर एक दुरुस्त करताच बाकीचे तेरा आपोआप सुधारले असते. तेव्हापासून खिडकी असो, खांब असो की झाड, दोनदा लागणार असेल तर आधी सबमॉडेल. पोरांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

दुसरी चूक म्हणजे वीट चौकोनी ठोकळा आहे असं धरून चालणं. एका स्टडच्या विटेची रुंदी ८ मिमी, उंची ९.६ मिमी. म्हणून वीट आडवी करून भिंतीत बसवली की फट राहते किंवा ती मावतच नाही. प्लेट म्हणजे चपटी वीट. तीन प्लेटची एक वीट, आणि पाच प्लेटची उंची म्हणजे बरोबर दोन स्टडच्या विटेची रुंदी, १६ मिमी. एवढा हिशोब मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. घाईवाले काय करतात? तुकडा बसत नाही म्हटल्यावर टक्कर दाखवणारी सोयच बंद करतात आणि दोन विटा एकमेकींत घुसवतात. पडद्यावर छान दिसतं. खऱ्या विटा आल्यावर काय, कानस घेऊन बसणार?

विकत घ्यायचं असेल तर तो तुकडा त्या रंगात कधी निघालाय का, ते कॅटलॉगात आधी बघा. मॉडेल अधूनमधून खालून फिरवून पाहा, समोरून घट्ट दिसणारं छप्पर बऱ्याचदा हवेत लटकत असतं. कोणता तुकडा कधी जोडायचा त्या स्टेप सुरुवातीपासून पाडा. शेवटी पाडायला बसणं म्हणजे पंगत उठल्यावर पानं मांडणं. लेगो डिजिटल डिझायनर या जुन्या सॉफ्टवेअरचे धडे गिरवू नका, लेगोने ते २०२२ मध्ये बंद केलं.

आणि फाइलला 'फायनल २' नाव देऊ नका. माझ्या गाडीच्या अशा पाच फायनल होत्या. छापायला नेमकी जुनी गेली, आणि दहा दिवस बाप्पाच्या मागे लंगडीच गाडी उभी होती.